टाळ चालू राहतो

दोन दगडांवर पाय ठेवू नये, असे शहाण्या माणसांनी सांगून ठेवले आहे. ही म्हण ज्याने केली तो बहुधा सपाटीवर राहणारा असावा. आमच्या मावळात श्रावणातला ओढा ओलांडायचा, तर दोन दगडांवर पाय ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. एक पाय मागच्या दगडावर, एक पुढच्या. मधून पाणी खळाळत असते. हातात छत्री, काखेत पिशवी. आणि तरी माणूस पलीकडे जातो. एकाच दगडावर दोन्ही पाय जुळवून उभा राहणारा मनुष्य पडत नाही हे खरे. पण तो पलीकडेही जात नाही.

हा विचार डोक्यात घोळत राहण्याचे कारण आमचा पुतण्या. तो सध्या डॉक्टरीचे शिक्षण घेतो आहे. ज्यांच्या घरात बारावीचे मूल आहे, त्यांना त्या घराचे वातावरण निराळे सांगायला नको. दूरदर्शनसंचावर कापड पडते, पाहुण्यांना दारातूनच 'परीक्षा झाली की या हं' असे सांगितले जाते, आणि गल्लीतल्या क्रिकेटच्या चेंडूला त्या अंगणात मज्जाव होतो. त्यातून ते मूल डॉक्टर व्हायचे म्हणत असेल, तर घराचे देऊळ होते आणि मूल त्यातली मूर्ती. हलायचे नाही, बोलायचे नाही, नुसते बसायचे. आमच्या घरात मात्र ही मूर्ती पखवाज वाजवीत असे. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मध्ये कान्हे नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. तेच आमचे गाव. एक्सप्रेस गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. थांबते ती लोकल. ही लोकल १९७८ साली सुरू झाली आणि तेव्हापासून आमची मुले शिकायला तळेगाव, चिंचवड, पुणे अशी जाऊ लागली. फाट्यावरून एक रस्ता टाकव्याकडे, आंदर मावळात जातो. त्याच फाट्यावर सरकारी रुग्णालय आहे. आंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांतली माणसे सकाळी तिथे येतात, केसपेपर काढतात आणि भिंतीच्या सावलीला उकिडवी बसून राहतात. पुतण्याला लहानपणी कुणी विचारले, तू कोण होणार, की तो त्या भिंतीकडे बोट दाखवी. 'ह्यांना आत बोलावणारा,' असे म्हणे.

मी स्वतः मॅट्रिक. हल्ली दहावी म्हणतात. पण माझ्या तोंडी मॅट्रिक हाच शब्द बसला आहे. एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा वैद्यकीच्या अभ्यासाविषयी बोलण्याचा अधिकार मला काडीचा नाही. पण भजनी मंडळाविषयी थोडा आहे. कारण मंडळात पेटी मी वाजवतो.

आमचे मंडळ म्हणजे पंधरा-सोळा जणांचा मेळा. एकजण टेम्पो चालवतो, दोघेजण कारखान्यात पाळीने जातात, एकाचे दुधाचे रतीब आहेत. बुवा रेल्वेत गँगमन होते; सारा जन्म रूळ ठोकण्यात गेला, म्हणून त्यांचा ताल पक्का, असे आम्ही गमतीने म्हणतो. एकादशीचे भजन, रोजचा हरिपाठ, गावोगावचे सप्ताह, गणपतीतली जागरणे. आणि या सगळ्याच्या पोटात आणखी एक गोष्ट असते, जिचे नाव वहीत लिहिलेले नसते. कुणाच्या घरी दुखणे आले तर टेम्पो दारात उभा राहतो. कुणाची लावणी मागे पडली तर दहा माणसे चिखलात उतरतात. पुतण्या आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून या मेळ्यात आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक त्याची आई रोज पोळ्यांच्या पिठातून काढून ठेवी. 'माझ्या घरात पहिली पोळी पखवाजाची,' असे वहिनी म्हणत.

आता अभ्यासाकडे वळतो. डॉक्टरीला प्रवेश मिळायचा तो 'नीट' नावाच्या एका परीक्षेतून. गुण एकंदर ७२०. पुतण्या बसला त्या २०२४ सालच्या परीक्षेत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र मिळून २०० प्रश्न छापलेले असत. त्यांतले १८० सोडवायचे, आणि वेळ २०० मिनिटे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. हे शेवटचे ऐकून बुवा म्हणाले होते, "चुकलं की कापतात? बरं झालं आपल्या भजनात तशी पद्धत नाही. नाहीतर कुणाच्या पदरात काही उरलं नसतं."

विनोद राहू द्या. पण आकडे भयंकर होते. त्या वर्षी देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी अर्ज भरले, आणि एम. बी. बी. एस.च्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या थोड्याच वर. सरकारी कॉलेजातल्या जागा त्याच्या निम्म्याच्या आसपास. आमच्यासारख्याला परवडायची ती सरकारीच. पहाटेच्या लोकलने पुतण्या चिंचवडला क्लासला जाई, तिथून कॉलेज, मग प्रात्यक्षिके. दुपारच्या वेळी लोकल कमी. एक चुकली की फलाटावर बसून वाट पाहायची. त्या फलाटावर बसून त्याने अर्धे जीवशास्त्र पाठ केले. संध्याकाळी घरी आला की तासभर हरिपाठ, मग जेवण, मग पुन्हा पुस्तक.

क्लासमधल्या सरांना हे कळले. त्यांनी दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, बोलावून घेतले. "दोन वर्षं सगळं बंद करा. भजन, गणपती, मित्र, सगळं. सीट मिळाली की पुढं जन्मभर वाजवू दे," असे त्यांनी स्वच्छ सांगितले. दादाने घरी येऊन पखवाज जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला.

दादाचे चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. वीस-बावीस मुलांत एकाला जागा मिळायची, आणि त्या एकात आपला मुलगा असावा म्हणून बापाने माळ्यावर काय काय टाकावे याला हिशेब नसतो. त्याने स्वतःच्या किती गोष्टी त्याआधी माळ्यावर टाकल्या होत्या हे मला ठाऊक आहे. मी नुसते एवढेच म्हणालो, "दादा, पोरगं नुसतं वाजवायला जात नाही. ते माणसांत जातं."

"पखवाज वाजवून कुणी डॉक्टर झालाय का?" दादाने विचारले.

पखवाजाचे मला सांगता येईना. पण नाटके करून झाले आहेत, हे मी त्याला सांगितले. डॉ. श्रीराम लागू पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत होते तेव्हाच नाटकात कामे करू लागले, आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारदही झाले. त्याच कॉलेजातून डॉ. जब्बार पटेल बाहेर पडले. त्यांनी दौंडला लहान मुलांचा दवाखाना चालवला आणि पुण्यात नाटके बसवली. डॉ. मोहन आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ, तेही तिथलेच. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा दिग्दर्शन जब्बार पटेलांचे होते आणि नाना फडणवीस आगाशे झाले होते.

दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "लागूंनी शेवटी डॉक्टरकी सोडलीच ना?"

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. १९६९ साली लागूंनी आपला व्यवसाय बाजूला ठेवला आणि ते पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आले. मराठी माणसाला त्याचे दुःख झाले नाही; पण बाप म्हणून पाहिले तर दादाची भीती निराधार नव्हती. दोन गोष्टी एकत्र नांदतात त्या नेहमीच सुखाने नांदतात असे नाही. कधी एक दुसरीला घराबाहेर काढते.

पण 'घाशीराम'मधली एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून माझ्या मनातून जाईना. त्या नाटकात माणसांची एक भिंत आहे. पुरुषांची एक रांग पाठमोरी किंवा तोंड करून उभी राहते, गाते, डोलते. त्यातलाच एखादा रांगेतून निघतो, पुढे येऊन कुणीतरी होतो, आपले काम करतो आणि पुन्हा रांगेत मिसळतो. तो बाहेर पडला म्हणून भिंत कोसळत नाही, आणि परत आला तर त्याला जागा असते. मला वाटले, विद्यार्थ्याला मित्रमंडळ हवे असेल तर ते असे हवे.

परदेशातही हा प्रश्न आहेच. माझ्या एका विद्यार्थ्याचा मामा अमेरिकेत असतो. तो सांगत होता की, तिकडच्या कॉलेजांत मुलांची बंधुमंडळे असतात. त्यांना ग्रीक अक्षरांची नावे देतात. पुष्कळ ठिकाणी एका मंडळाची मुले एकाच घरात राहतात. असे पहिले मंडळ १७७६ साली, म्हणजे अमेरिका स्वतंत्र झाल्याचा जाहीरनामा निघाला त्याच साली, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाले. त्यांचा 'फ्रॅटर्निटी' हा शब्द लॅटिनमधल्या भावावरून आला आहे, आणि तो भाऊ आपल्या संस्कृतातल्या भ्रात्याचा चुलतभाऊच. तिकडे डॉक्टर व्हायचे तर आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग वैद्यकीला जातात. त्यामुळे ती चार वर्षे अभ्यास, मंडळ, खेळ, रुग्णालयात सेवा असे सारे एकाच माणसाने ओढायचे असते. आपल्याकडे हे ओझे सतराव्या वर्षी येते आणि ते हलके करण्याचा आपला उपाय ठरलेला: अभ्यास ठेवा, बाकीचे काढून टाका.

पण आपली आनंदीबाई जोशी आठवा. १८८३ साली ती अमेरिकेला निघाली तेव्हा अठरा वर्षांची होती. थंडी, परका आहार, नाजूक प्रकृती. ती एकटीच्या जिद्दीवर शिकली असे आपण मुलांना सांगतो, आणि ते खरेच आहे. पण कार्पेंटरबाईंनी तिला घरची मुलगी मानून आधार दिला हेही तितकेच खरे आहे. १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात फिलाडेल्फियाच्या त्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात आहेत: हिंदुस्थानची आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली. एकीची भाषा दुसरीला येत नसणार. पण परक्या मुलखात तिघी एकमेकींना होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईला पदवी मिळाली. मला ते चित्र पाहिले की नेहमी वाटते, ही मंडळाचीच तसबीर आहे.

तर २०२४ सालचा चैत्र आला. शेजारच्या गावी रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत सप्ताह बसतो. त्या वर्षी रामनवमी १७ एप्रिलला होती, हनुमान जयंती २३ला, आणि परीक्षा ५ मेला. काल्यानंतर बाराच दिवस. त्या सप्ताहाला पखवाज आमच्या मंडळाचा असतो. पहाटे काकडा, दुपारी गाथ्याचे भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. इतकी वर्षे तो पुतण्याने सांभाळला होता. पोरगे घरात पुस्तकासमोर बसले होते खरे. पण त्याची बोटे टेबलावर वाजत असत. वहिनींनी मला हळूच सांगितले, "वाचतोय असं वाटत नाही. पानं उलटतोय नुसती."

बुवांच्या कानावर हे गेले होते. सप्ताहाच्या आधी देवळात बैठक झाली तेव्हा त्यांनी दादालाही बोलावले. कुणी म्हणाले, सात दिवसांनी काय बिघडते? कुणी म्हणाले, आजवर मंडळाने त्याला शिकवले ते कशासाठी? टेम्पोवाला पुतण्याचा जिवलग मित्र, तो तर रागावूनच बोलला, "उद्या डॉक्टर झाल्यावर हा आपल्याला वळखणार हाय का? आत्ताच सुरुवात झाली म्हणायची." ते ऐकून पुतण्याने मान खाली घातली. त्याला दादाच्या बंदीपेक्षा हे अधिक लागले असावे.

बुवांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि विचारले, "टाळकरी दम घ्यायला थांबतो, तेव्हा भजन थांबतं का रे?"

कुणी उत्तर दिले नाही.

"दिंडीत चालताना माणूस रांगेतून बाहेर पडतो, पाणी पितो, पायातला काटा काढतो आणि पुन्हा येऊन मिळतो. टाळ चालू राहतो म्हणूनच त्याला थांबता येतं. ह्याला बारा दिवसांनी काटा काढायचा आहे. त्याला रजा द्या." मग दादाकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही त्याला रोज संध्याकाळी हरिपाठाला सोडायचं. एक तास. पोराला अगदी कोंडून घातलं तर पुस्तक तरी कुठं शिरणार?"

दादाने थोडा वेळ विचार केला आणि "एक तास" असे म्हणून मान हलवली.

पण बुवांचे सांगणे अजून संपले नव्हते. "कीर्तनाला कोण वाजवणार?" त्यांनी पुतण्यालाच विचारले. त्याने हाताखाली तयार केलेल्या एका मुलाचे नाव घेतले. रतीबवाल्याचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांचा. "मग पखवाज त्याच्या घरी नेऊन दे. तूच दे." पुतण्याने माळ्यावरून पखवाज उतरवला, लुगड्याची घडी सोडली आणि दोघे मिळून तो घेऊन गेले. परत आल्यावर त्याने हात धुतले आणि पुस्तक उघडले. त्या रात्री टेबल वाजले नाही.

सप्ताहात तो रोज संध्याकाळी येई; तासभर मागच्या ओळीत टाळ घेऊन उभा राही, आणि प्रसाद घेऊन टेम्पोतून परत जाई. टेम्पो कुणाचा हे सांगायला नको. राग बैठकीत संपला होता. काल्याच्या कीर्तनाला त्या धाकट्याचा हात दोन ठिकाणी डळमळला. महाराजांनी नुसते हसून टाळकऱ्यांकडे पाहिले, टाळकऱ्यांनी ठेका उचलून धरला, आणि पोर सावरले.

परीक्षा झाली. पेपर बरा गेला. ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशीच, निकाल लागला. आणि मग जे झाले ते देशाला ठाऊक आहे. पैकीच्या पैकी गुण मिळवणारेच ६७ निघाले. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी झाल्या. १५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घेतले गेले आणि त्यांच्यासाठी २३ जूनला फेरपरीक्षा ठेवण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. सगळी परीक्षाच रद्द होणार, अशी आवई रोज उठे. पुतण्याला गुण चांगले होते. पण ते आहेत की नाहीत हेच कळेना. पुस्तके पुन्हा उघडावीत तर मन लागेना, न उघडावीत तर धीर होईना.

त्या दीड महिन्यात त्याला कुणी सांभाळले, असे मला विचाराल तर मी आमच्या मंडळाकडे बोट दाखवीन. जूनच्या अखेरीस देहूहून तुकोबांची पालखी निघाली तेव्हा मित्रांनी त्याला टेम्पोत घालून देहूला नेले. तो आकुर्डीच्या मुक्कामापर्यंत चालला आणि तिथून लोकलने घरी आला. पावसाने जोर धरला तेव्हा दहाजणांबरोबर तोही भातलावणीला चिखलात उतरला. तिथे कुणी त्याला निकालाविषयी विचारीत नसे. टेम्पोवाला एवढेच म्हणे, "रोप नीट धर. तिरकं लागतंय." २३ जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. ती बातमी त्याला बांधावर कळली. तो म्हणतो की, हातातली मूठ लावून झाल्यावरच तो वर आला. मला वाटते यात थोडी अतिशयोक्ती असावी. पुढे यथाक्रम त्याला दूरच्या एका जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली.

आता प्रश्न सुटला असे आम्हाला वाटले. पण प्रश्न फक्त गाव बदलून बसला होता. वसतिगृहात गेल्यावर त्याला कळले की, तिथेही मंडळे आहेत. नाटकाचे आहे, क्रिकेटचे आहे, गणपतीचे ढोलपथक आहे, स्नेहसंमेलनाचे तर आहेच. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन मोठे विषय. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. सकाळी शवविच्छेदन, दुपारी प्रयोगशाळा, आणि रात्री ढोलाचा सराव. वरच्या वर्गातली मुले प्रेमळ. त्रास म्हणून कुणी काही दिला नाही. पण त्यांच्या प्रेमाला घड्याळ नव्हते. दुसऱ्या दिवशी चाचणी असली तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सराव चाले, आणि मधून उठणाऱ्याला 'पुस्तकी किडा' म्हणत.

पुतण्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले, "मी रोज येईन. साडेनऊला उठेन." मुले हसली. तो साडेनऊला उठला. दुसऱ्या दिवशीही हसली. तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी कोण वाजवणार हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले. त्याच्या शेजारच्या खोलीतला एक मुलगा मात्र उठू शकला नाही. स्वभावाने भिडस्त, नाही म्हणणे त्याला जमेना. पथकात त्याची वाहवा झाली आणि शरीररचनेत तो नापास झाला. निकालाच्या दिवशी पथकातले कुणी त्याच्या खोलीकडे फिरकले नाही. वाईटपणाने नव्हे, त्यांना वाटले, आता त्याला एकटे सोडावे. पुतण्या आणि आणखी दोघे हाडांचा संच घेऊन त्याच्या खोलीत जाऊन बसले. पुरवणी परीक्षेपर्यंत रोज रात्री दीड तास. तो सुटला.

त्या सुट्टीत पुतण्या घरी आला तेव्हा मी त्याला विचारले, "हे साडेनऊचं तुला कसं सुचलं?" तो म्हणाला, "बुवांनी एक तास म्हटला होता ना, काका, त्यानंच. एक तास आहे म्हटल्यावर तो तास पुरा आपला होतो. आणि तास संपला की पुस्तकही पुरं आपलं होतं."

मग त्याने अंगणात टेम्पोवाल्याचा हात धरून मनगटातली आठ हाडे दाखवली. टेम्पोवाल्याने ती दाबून दाबून मोजली, सहाच सापडली. "दोन कुठं गेली?" म्हणून त्याला घोर लागला. रतीबवाल्याचा भाऊ म्हणाला, "पखवाज वाजव, सापडतील." पखवाज आता त्याचा झाला आहे. वर्षभरात त्याचा हात इतका तयार झाला की, पुतण्याला परत द्यावा असे कुणी म्हणणार नाही. पुतण्याही म्हणत नाही. हे सोपे नाही. दहा वर्षे ज्या जागी बसलो ती जागा दुसऱ्याची झालेली पाहायची आणि आपण मागे टाळ घेऊन उभे राहायचे. मी त्याला तसे एकदा विचारलेही. तो म्हणाला, "पखवाजावर बसलो की स्वतःचाच हात ऐकू येतो. मागं उभं राहिलं की सगळं भजन ऐकू येतं." पण हे बोलताना त्याची नजर पखवाजावरच होती, हेही सांगितले पाहिजे.

अभ्यास आणि मित्र यांचा तोल कसा सांभाळावा, याविषयी मुलांना पुष्कळ उपदेश केला जातो. वेळापत्रक करा, लवकर उठा, मन आवरा. मुलाने हे सारे केलेच पाहिजे. पण हा तोल एकट्या मुलाच्या हाती दिला की तो एक ना एक दिवस ढळतो. बापाने तासभर सोडावे लागते. मंडळाने मन मोठे करून रजा द्यावी लागते. रजा घेणाऱ्याने आपली जागा दुसऱ्याला शिकवून द्यावी लागते, आणि परतल्यावर जे हाती येईल ते वाजवावे लागते. एवढी माणसे वाकली तर एक मूल सरळ उभे राहते. रुग्णालयाच्या भिंतीशी बसलेल्या माणसांना आत बोलावणारा डॉक्टर नुसता हुशार असून भागणार नाही. बाहेर किती जण ताटकळले आहेत याची त्याला सवय हवी. ती सवय ७२० गुणांत कुठे मोजत नाहीत.

आमच्या मंडळाच्या हजेरीच्या वहीत बुवांनी त्या सप्ताहानंतर एक नवा रकाना आखला. पूर्वी नुसते 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोनच होते. आता 'रजा' असा तिसरा आहे, आणि पुढे कारण लिहायचे असते. सध्या तिथे पुतण्याच्या नावाखाली आणखी दोन नावे आहेत. एका मुलीची नर्सिंगची परीक्षा आहे. ती टाळकऱ्यांत आहे. दुसरे नाव टेम्पोवाल्याचे. त्याने बारावीचा राहिलेला इंग्रजीचा पेपर पुन्हा द्यायचा ठरवला आहे. शिकवायला पुतण्याच दिवाळीच्या सुट्टीत बसणार आहे. रोज संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावर, एक तास.